सिमेंट की बिनसिमेंट? आधी हाडाला विचार

मंदे,

डॉक्टरांनी ‘तुमच्यासाठी सिमेंटलेस गुडघ्याचा विचार करू या’ म्हटल्यापासून तुझ्या डोक्याला घोर लागला आहे, हे काल तुझ्या आवाजावरूनच कळलं. शेजारच्या काकू म्हणतात, सिमेंटशिवाय गुडघा टिकतच नाही. श्रीकांतरावांनी कुठल्याशा जाहिरातीत वाचलं की सिमेंटचा जमाना संपला. तू मधल्या मधे अडकलीस. अगं, माझी सगळी नोकरी हाडांच्या थिएटरमध्ये गेली. हे दोन्ही प्रकार मी टेबलाच्या इतक्या जवळून पाहिलेत की मला यात तुझ्याशी मोकळेपणी बोलता येईल. चहा घेऊन बस आणि निवांत वाच.

आधी गुडघ्यात नेमकं काय बसवतात ते समजून घे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूची सपाट पाटी, आणि त्या दोघांच्या मधे पॉलिथिलीनचा गुळगुळीत तुकडा. वाटीच्या मागच्या बाजूला काही जणांना छोटं बटण बसवतात, काहींना नाही. ‘गुडघा बदलला’ असं आपण म्हणतो खरं, पण झिजलेला पृष्ठभाग तेवढा काढून त्यावर नवं आवरण चढवलेलं असतं. आता तो धातू हाडाला धरून कसा राहणार? सिमेंट आणि सिमेंटलेस यांत फरक आहे तो एवढ्याच एका गोष्टीत. बाकी ऑपरेशन, टाके, व्यायाम सगळं जवळपास सारखं.

सिमेंट म्हणजे घर बांधायचं सिमेंट नव्हे. ते एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक आहे, दातांच्या कवळीसाठी वापरतात त्याच जातीचं. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६० च्या आसपास खुब्याच्या सांध्यासाठी ते रुळवलं, आणि १९७४ मध्ये न्यू यॉर्कला जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो गुडघा बसवायला सुरुवात केली, त्यालाही तेच लावलं. आजचे बहुतेक गुडघे त्याच वंशातले. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की थिएटरभर झणझणीत वास सुटतो. थोड्या वेळाने गोळा हातमोज्याला चिकटेनासा होतो, तेव्हा तो हाडावर आणि धातूवर लावायचा. मग सगळे हात स्थिर. गोळा गरम होत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखा घट्ट होतो. तो डिंकासारखा चिकटत नाही. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात काही मिलिमीटर शिरतो आणि तिथेच अडकून बसतो. याचा मोठा फायदा असा की रुग्ण टेबलावरून खाली येतो तेव्हाच धातू पक्का बसलेला असतो. हाड थोडं भुसभुशीत असलं तरी सिमेंट सांभाळून घेतं. शिवाय त्यात अँटिबायोटिक मिसळता येतं.

काकूंचं म्हणणं म्हणूनच अगदी निराधार नाही. जगात आजही बहुसंख्य गुडघे सिमेंटनेच बसवतात, आणि ते टिकतात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या आणि राष्ट्रीय नोंदवह्यांतल्या आकड्यांवरून त्यांनी काढलं की संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. त्यामुळे कुणी तुला सांगितलं की सिमेंटचा गुडघा म्हणजे जुनाट माल, तर ते कानाआड कर.

मग सिमेंट सोडायचा विचार होतो तरी का? कारण हाड जिवंत असतं आणि सिमेंट नसतं. रोज हजारो पावलांचा भार त्या थरावर पडतो. वर्षानुवर्षं तो सोसताना सिमेंट आणि हाड यांच्या सांध्यात कधी कधी सैलपणा येतो. सत्तरीतल्या, घरातल्या घरात वावरणाऱ्या बाईच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. पण पन्नाशीत किंवा साठीच्या आत ऑपरेशन झालं, वजन जास्त असलं, कामाची धावपळ असली, तर त्या गुडघ्याला पुढची तीस वर्षंही काढावी लागतील. आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आलीच, तर जुनं सिमेंट खरवडून काढताना थोडं हाडही जातं. म्हणून डॉक्टरांच्या मनात आलं की तुझं हाडच धातूत रुजलं तर बरं.

हाड धातूत रुजतं, हे खरंच घडतं. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना आढळलं की टायटॅनियमला हाड इतकं घट्ट धरतं की ते सोडवता येत नाही. १९६५ पासून त्यांनी त्यावर माणसांचे दात बसवायला सुरुवात केली. आज आपल्याकडे गल्लोगल्ली दातांचे इम्प्लांट होतात ते त्याच शोधावर. गुडघ्यातही तेच तत्त्व. हाडाला टेकणारी धातूची बाजू मुद्दाम खरखरीत आणि सच्छिद्र केलेली असते. ती छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची असतात, कारण एवढ्या जागेत नवं हाड शिरून वाढू शकतं. काही इम्प्लांटवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा लेप असतो, म्हणजे आपल्या हाडात जे खनिज असतं त्याच प्रकारचा. काही टँटलम नावाच्या धातूचे, स्पंजासारख्या जाळीचे असतात. हल्ली टायटॅनियमची जाळी थ्री-डी प्रिंटिंगनेही करतात.

पण एक गोष्ट मनात पक्की धर. हाड रुजायला वेळ लागतो, आणि तोवर धातूने हलता कामा नये. म्हणून हाड असं कापतात की इम्प्लांट तिथे दाबूनच बसवावा लागेल. सर्जन हातोडीने ठोकत तो आत नेतात. मी कितीतरी वेळा तो आवाज ऐकला आहे. सुरुवातीचे ठोके बोदे, पोकळ लागतात. धातू हाडाला सगळीकडून टेकला की आवाज बदलतो, खणखणीत होतो. तो बदल ऐकू आला की अनुभवी सर्जन हात आवरतात, कारण त्यापुढचा एक जादा ठोका नडगीच्या हाडाला तडा देऊ शकतो. मग ते इम्प्लांट धरून हलवून पाहतात. जरा जरी डुलला तरी चालत नाही.

‘जरा’ म्हणजे किती, तेही सांगते. धातू आणि हाड यांच्यातली हालचाल ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड छान रुजतं. १५० मायक्रॉनच्या वर गेली तर हाडाऐवजी तिथे मऊ तंतूंचा पडदा तयार होतो आणि इम्प्लांट कायमचा सैल राहतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, एवढ्यावरून अंदाज घे. आपल्या कोकणातल्या कलमासारखंच आहे हे. फांदी कितीही जातिवंत असली तरी बांधणी सैल राहिली आणि जोड हलत राहिला, तर कलम जगत नाही.

रुजायची ही क्रिया पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत जोरात चालते आणि पुढे वर्षभर हाड हळूहळू भक्कम होत राहतं. हे नुसतं अंदाजाने कुणी म्हणत नाही. स्वीडनच्या लुंड शहरात गोरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत बसवली. हाडात टँटलमचे बारीक मणी ठेवायचे, एकाच वेळी दोन दिशांनी एक्स-रे काढायचे आणि इम्प्लांट किती सरकला ते मिलिमीटरच्या अंशांपर्यंत मोजायचं. त्यातून कळलं की सिमेंटलेस पाटी पहिल्या तीनेक महिन्यांत थोडी खाली बसते आणि मग थांबते. थांबली की चिंता नाही. दुसऱ्या वर्षीही ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत राहिली, तर मात्र पुढे ती सैल होण्याची भीती असते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांच्या एक्स-रेमध्ये काही बारीक बदल दिसले आणि डॉक्टर म्हणाले ‘बघू या’, तर लगेच हातपाय गाळू नकोस.

आता काकूंच्या भीतीचं मूळ. १९८० च्या दशकात सिमेंटलेस गुडघ्यांची पहिली मोठी लाट आली होती. अमेरिकेत बाल्टिमोरच्या हंगरफोर्ड यांचा सच्छिद्र गुडघा त्या काळात फार गाजला. पण त्या पिढीतल्या बऱ्याच गुडघ्यांनी त्रास दिला. वाटीमागे धातूचा आधार असलेली बटणं झिजली, काही मोडली. नडगीवरची पाटी स्क्रूने आवळायचे, तर पॉलिथिलीनचा झिजलेला भुगा त्याच स्क्रूच्या वाटेने हाडात उतरला आणि हाड आतून पोखरलं गेलं. कित्येक ठिकाणी सच्छिद्र लेप अर्धवटच असायचा. ही बदनामी त्या काळची, आणि त्या काळापुरती खरीही होती. नंतर पॉलिथिलीन सुधारलं, लेप सलग झाले, बऱ्याच पाट्यांना स्क्रूंऐवजी खुंट्या आणि मधला कणा आला, आणि सिमेंटलेस करतानाही वाटीचं बटण बसवायचं झालं तर ते बरेच सर्जन सिमेंटनेच बसवू लागले.

श्रीकांतरावांनाही माझा एक निरोप दे. नवं म्हणजे जास्त चांगलं, असा हिशेब इथे लागत नाही. दक्षिण कोरियात एकाच माणसाच्या एका गुडघ्यात सिमेंट आणि दुसऱ्यात बिनसिमेंटचा तोच इम्प्लांट बसवून ५० रुग्णांना तेराहून अधिक वर्षं पाहिलं. २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. दुखणं, चालणं, टिकणं यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे सिमेंटलेस केलं म्हणून तू जास्त वेगाने चालशील किंवा तुझा गुडघा जास्त वाकेल, असं काही नाही. योग्य हाडात दोन्ही चांगले. चुकीच्या हाडात मात्र सिमेंटलेस पहिल्या वर्षातच दगा देऊ शकतो, आणि मला तुझी काळजी वाटते ती तिथेच.

तू ५८ वर्षांची, शाळेत दिवसभर उभी राहणारी, वजन थोडं जास्त. या तिन्ही गोष्टी सिमेंटलेसच्या बाजूने जातात. पण पाळी जाऊन तुला आठ-नऊ वर्षं झाली, ऊन अंगावर घ्यायची सवय नाही, आणि हाडांची तपासणी एकदाही झालेली नाही. आपल्या बायकांचं हेच होतं. गुडघा दुखायला लागला की तेल, शेक, पट्टा, सगळं होतं, पण हाड आतून किती भरलेलं आहे हे कुणी बघत नाही. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी डेक्सा स्कॅन करून घे. त्यात टी-स्कोअर येतो. उणे १ च्या वर असला तर हाड चांगलं, उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला तर ठिसूळ. डी जीवनसत्त्वाची रक्ततपासणी कर, आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी. डी कमी किंवा साखर जास्त निघाली तर ते सुधारायला अवधी मिळतो, म्हणून हे आधी. संधिवातासाठी बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेली माणसं, हाड फार झिजून खड्डे पडलेली माणसं, ठिसूळ हाडांची माणसं यांच्यासाठी सिमेंटच बरं. आणि तंबाखू नको, मिशरीही नको. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड भरायला उशीर लागतो. तू लावत नाहीस हे मला माहीत आहे, पण तुझ्या वॉर्डात शेजारच्या कॉटवर कुणी लावणारी भेटली तर तिलाही सांग.

डेक्सा कंबर आणि खुबा यांचं हाड मोजतो, गुडघ्याचं नाही. गुडघ्याच्या हाडाचा खरा कस कळतो तो टेबलावर, हाड कापल्यानंतर. सर्जन कापलेल्या पृष्ठभागावर अंगठा दाबून बघतात. दाबल्यावर बोट आत जात असेल, तर कितीही ठरलेलं असलं तरी ते सिमेंट मागवतात. मी अशा वेळी सिमेंटचं पाकीट उघडून दिलं आहे, आणि तो निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आदरच वाटला आहे. म्हणून तू आधीच त्यांना सांगून ठेव, ‘डॉक्टर, आत पाहिल्यावर तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा.’ संमतीपत्रावरही दोन्ही शक्यता लिहून घे. मांडीची टोपी बिनसिमेंटची आणि नडगीची पाटी सिमेंटची, असा मेळही घालतात. शुद्धीवर आल्यावर ‘सिमेंट वापरलं’ असं कळलं तर आपलं काहीतरी बिघडलं असं समजू नकोस. तुझ्या हाडाने जे मागितलं ते तुला मिळालं, एवढाच त्याचा अर्थ.

हाड कसं कापलं जातं, यावरही फार अवलंबून असतं. करवतीच्या पात्याने हाड तापतं. ४७ अंश सेल्सियसपर्यंत मिनिटभर तापलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते, आणि मेलेलं हाड रुजणार कसं? म्हणून चांगल्या थिएटरमध्ये पातं नवं असतं आणि कापताना वरून सलाइनची धार चालू असते. काप सपाट हवा, फट नको. सिमेंट बारीकसारीक उणीव भरून काढतं, बिनसिमेंटच्या गुडघ्यात ती सोय नाही. रोबोटची मदत घेतली तर काप नेमका यायला मदत होते. पण रोबोटने भुसभुशीत हाड मजबूत होत नाही, आणि ज्या सर्जनचा हात या कामात मुरलेला नाही त्याला रोबोट अनुभव देत नाही. म्हणून डॉक्टरांना न लाजता विचार. तुम्ही सिमेंटलेस गुडघे नेहमी करता का? माझ्यासाठी तो का सुचवता? माझं हाड चांगलं नसेल तर काय करणार? तुम्ही वापरता त्या इम्प्लांटचे दहा-पंधरा वर्षांचे निकाल आहेत का? चांगले डॉक्टर असल्या प्रश्नांनी चिडत नाहीत.

पैशांचंही बोलू. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिरकोनियमच्या गुडघ्यासाठी ७६,६०० रुपये ठरले, वर जीएसटी. पुढे हे आकडे थोडे बदलत गेले, म्हणून चालू दर विचारून घे. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळा दाखवायला हवा, असा त्या आदेशातच नियम आहे. इम्प्लांटच्या डब्यावरची चिकटपट्टी तुझ्या कागदांत लावून मागून घे आणि त्या पानाची झेरॉक्स घरी जपून ठेव. वीस वर्षांनी कुणाला तुझा गुडघा उघडावा लागला, तर त्या कागदाची किंमत कळेल. मेडिक्लेमवाल्यांना कोणता इम्प्लांट बसवणार हे आधी कळव, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी श्रीकांतरावांची धावपळ होते.

ऑपरेशननंतर तुला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतील. घाबरू नकोस. घट्ट बसलेल्या बिनसिमेंटच्या गुडघ्यावरही सहसा लगेच भार देऊ देतात, पण किती द्यायचा ते तुझ्या सर्जनच्या शब्दाप्रमाणेच. पहिले काही आठवडे नडगीच्या वरच्या भागात खोल ठणका जाणवू शकतो. तो हळूहळू कमी होत गेला की झालं. गुडघा वाकवायचे आणि सरळ करायचे व्यायाम चुकवू नकोस. पहिल्या महिन्यांत आखडलेला गुडघा नंतर सोडवणं फार जड जातं. पण उत्साहात येऊन जिने चढउतार, जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसून केर काढणं, हे नको. पूजेला पाटाऐवजी खुर्ची घे, देव समजून घेतो. बाथरूममध्ये ओली फरशी नको, पायपुसणी गुंडाळून ठेव, रात्री दिवा चालू राहू दे. या काळात पडणं सगळ्यात वाईट. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घे, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नकोस.

सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष, अशा तपासण्या साधारण असतात. बरं वाटतंय म्हणून त्या टाळायच्या नाहीत. ठणका नाहीसा झाला आणि काही महिन्यांनी खुर्चीतून उठून पहिली दोन-चार पावलं टाकताना पुन्हा कळ येऊ लागली, तर ते सैलपणाचं लक्षण असू शकतं. जखमेतून पाणी, लाली, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर फोनवर विचारत बसू नकोस, सरळ दवाखान्यात जा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र आहे की दिवस, ते पाहू नका. बिनसिमेंटच्या गुडघ्यात सिमेंटमधलं अँटिबायोटिक नसतं, म्हणून साखर आटोक्यात ठेवणं आणि दात किडलेला असेल तर ऑपरेशनआधीच तो दाखवून घेणं, हे तुझ्या हातात आहे.

मंदे, मला मनापासून वाटतं ते सांगते. सिमेंट की सिमेंटलेस, हा प्रश्न जाहिरातीवरून सुटणार नाही आणि काकूंच्या अनुभवावरूनही नाही. तुझं हाड आणि तुझ्या सर्जनचा हात, दोघांनी मिळून तो सोडवायचा आहे. तू इतकी वर्षं दुखणं सोसत वर्गात उभी राहिलीस, आता घाईने हो म्हणू नकोस आणि भीतीने नाहीही म्हणू नकोस. या आठवड्यात डेक्सा आणि रक्ततपासण्या करून घे, रिपोर्टचे फोटो मला पाठव, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ने. तारीख ठरली की कळव, मी आदल्या दिवशीच नाशिकला येते. रात्री दवाखान्यात तुझ्यापाशी मी थांबेन, श्रीकांतरावांना घरी जाऊ दे.

तुझी,
ताई